डिस्प्ले काहीच दाखवून नाही राहिला? कोड शेवटी उघडा

"मामा, डिस्प्ले काहीच दाखवून नाही राहिला."

रविवारची सकाळ. तर्री-पोह्यांचा पहिला घास तोंडात जायच्या आत भाचीनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर कोड होता. रात्री एक वाजेपर्यंत जागून तिनं तीन लायब्रऱ्या (तयार कोडाचे संच) बदलल्या होत्या, कोणत्या तरी व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवला होता, तरी पडदा काळाच्या काळा. मी विचारलं, "बोर्ड कुठे आहे?" बोर्ड बॅगेत होतं. काढून दाखवलं तर ओलेड डिस्प्लेच्या चार भोकांत पिनांची पट्टी नुसती खोचलेली होती, सोल्डरचा एक थेंबही नव्हता. बोटानं पट्टी जरा तिरपी दाबली आणि पडद्यावर तिचंच नाव उमटलं. बोट काढलं की गायब.

म्हणजे पहिल्या कोडातही काही चूक नव्हती.

आर्डुइनो किंवा ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांना पहिल्यांदाच छोटा डिस्प्ले जोडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे: आधी वीज, मग जोड, मग पिना, मग पत्ता आणि सगळ्यात शेवटी कोड. नवा माणूस बरोबर उलट्या टोकाकडून सुरू करतो, कारण कोड डोळ्यांसमोर असतो आणि बदलायला फुकट असतो. डिस्प्ले बिचारा मुका. वायर निघाली काय, पत्ता चुकला काय, तो एकच करतो: गप्प बसतो. म्हणून त्याच्या गप्प बसण्यावरून अंदाज बांधायचे नाहीत. एकेक थर वेगळा तपासायचा.

हाताशी एक साधा मल्टिमीटर ठेवा. नागपुरात बर्डीत चक्कर मारली की दोन-तीनशे रुपयांत कामापुरता मिळतो. तो नसेल तर पुढची निम्मी पानं अंदाजावर चालतील.

पहिली पायरी: आपल्या हातात नेमकं काय आहे

विद्यार्थ्यांच्या हाती साधारण तीन प्रकार येतात.

एक, सोळा-बाय-दोनचा एलसीडी. निळा किंवा हिरवा, दोन ओळी, प्रत्येकीत सोळा अक्षरं. आत हिताचीच्या एचडी४४७८० ची किंवा तिच्याशी जुळणारी चिप असते. मागे काळं छोटं बोर्ड चिकटवलेलं असेल तर चार वायरींत काम होतं. त्या काळ्या बोर्डावर पीसीएफ८५७४ नावाची चिप असते.

दोन, ०.९६ इंची ओलेड. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, बहुतेक वेळा चार पिनांचा. आत एसएसडी१३०६ चिप. याचाच १.३ इंची भाऊ दिसायला सारखा असतो, पण त्याच्या आत बहुतेकदा एसएच११०६ चिप निघते. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तीन, रंगीत टीएफटी. १.८ इंची असेल तर बहुधा एसटी७७३५. याला सात-आठ पिना असतात आणि तो वेगळ्या भाषेत बोलतो.

पहिले दोन आय-टू-सी वर बोलतात, तिसरा एसपीआय वर. आय-टू-सी ही फिलिप्स कंपनीनं १९८२ मध्ये काढलेली पद्धत: एसडीए (डेटाची) आणि एससीएल (क्लॉकची) या दोनच तारा, त्यांवर अनेक उपकरणं आणि प्रत्येकाला आपापला पत्ता. वाड्याच्या एका दारातून पोस्टमन हाक मारतो आणि ज्याचं नाव तोच ओ देतो, तसं. एसपीआय मध्ये पत्ता नसतो; ज्याच्याशी बोलायचं त्याची निवड वेगळ्या तारेनं होते. म्हणून आय-टू-सी चं निदान सोपं आणि एसपीआय चं जरा त्रासाचं.

दुसरी पायरी: वीज पोहोचते का

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी तार डिस्प्लेच्या जीएनडी (विजेचा मायनस) पिनेवर, लाल व्हीसीसी (विजेचा प्लस) पिनेवर. डिस्प्लेच्या पिनेवर म्हणतोय, आर्डुइनोच्या नाही. वीज निघाली कुठून हे नाही, पोहोचली का हे बघायचं आहे. पाच व्होल्ट दिले असतील तर पाचच्या आसपास दिसायला हवेत, ३.३ दिले असतील तर ३.३ च्या.

शून्य आलं तर ब्रेडबोर्डकडे बघा. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या कित्येकदा मधोमध तुटलेल्या असतात. छापलेली रेघही तिथे तुटक असते, पण कोण बघतो! डाव्या टोकाला वीज दिली आणि डिस्प्ले उजव्या टोकाला, की झालं. दोन अर्ध्यांना जोडणारी एक बारकी वायर टाका.

मायनसचा आकडा आला तर ताबडतोब केबल उपटा. चार पिनांच्या ओलेडमध्ये हा मोठा सापळा आहे: काही बोर्डांवर पहिली पिन जीएनडी आणि दुसरी व्हीसीसी, काहींवर उलट. फोटो तोच, आकार तोच, क्रम वेगळा. व्हिडिओ बघून वायरी लावणारे इथे हमखास आपटतात. आपल्या बोर्डावर छापलेलं वाचायचं, दुसऱ्याच्या चित्रातलं नाही. उलटी वीज मिळालेला डिस्प्ले बोटाला गरम लागतो. लगेच काढला तर वाचतोही, पण खात्री नाही.

डिस्प्लेला वेगळ्या अडॅप्टरवरून वीज देत असाल तर अडॅप्टरचा जीएनडी आणि आर्डुइनोचा जीएनडी एकमेकांना जोडलेले हवेत. नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत वर आणि कशाच्या तुलनेत खाली, हेच ठरत नाही.

आणि बोर्ड लॅपटॉपला दिसतच नसेल, पोर्टच येत नसेल, तर डिस्प्ले बाजूला ठेवा. केबल फक्त चार्जिंगची असू शकते. आतून डेटाच्या तारा नसतात. नाहीतर बोर्डावर यूएसबीचं बोलणं सांभाळणारी सीएच३४० चिप असेल आणि तिचा ड्रायव्हर टाकलेला नसेल.

तिसरी पायरी: सोल्डर आणि वायरी

माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा आजार इथेच सापडतो, म्हणून इथे जरा थांबू.

डिस्प्ले विकत घेतला की पिनांची पट्टी बरेचदा सुटी येते. ती भोकांत खोचली की घट्ट बसल्यासारखी वाटते. वाटते, एवढंच. भोकाच्या कडेला धातूचा पातळ थर असतो आणि पिन त्याला कुठे तरी टेकते, कुठे टेकत नाही. चार पिनांपैकी तीन टेकल्या तरी काम होत नाही, आणि त्या तीन कोणत्या हे टेबल हललं की बदलतं. सोल्डरला पर्याय नाही.

सोल्डर केलंय असं म्हणत असाल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून जोड बघा. चांगला जोड चकचकीत, पिनेला वर चढत गेलेला, छोट्या उतरत्या टेकडीसारखा दिसतो. वाईट जोड म्हणजे करडा, गोल गोळा, पिनेवर नुसता बसलेला, साबुदाण्याच्या दाण्यासारखा. त्याच्या आणि बोर्डाच्या मध्ये बारीक काळी रेघ दिसली तर तो जोडच नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक पिन आणि बोर्डावरचं कडं दोघांना एकदम लावा, दोन सेकंद गरम होऊ द्या, मग सोल्डरची तार टोकाला नाही तर जोडाला लावा. ती आपोआप पसरते. थोडी फ्लक्सची पेस्ट लावली की आणखी सोपं. टोक बाजूला केल्यावर गार होईपर्यंत काही हलवू नका. फुंकर मारायची सवय असेल तर ती सोडा.

शेजारच्या दोन पिना सोल्डरनं एकमेकींना चिकटल्या नाहीत ना, हे मल्टिमीटरच्या बीप मोडवर बघा. वीज बंद ठेवून. व्हीसीसी आणि जीएनडी मध्ये बीप वाजली तर पुढे जाऊ नका.

मग वायरी. जंपर वायर बाहेरून अखंड दिसते आणि आत टोकाशी तुटलेली असते. बीप मोडवर एकेक वायर तपासा आणि तपासताना ती थोडी वाकवा. जी वाकवल्यावर गप्प होते ती कचऱ्यात. परत डब्यात ठेवाल तर प्रदर्शनाच्या दिवशी तीच हाताला लागेल. हे मी अनुभवानं सांगतोय. लोकमान्य नगरच्या मेट्रोनं हिंगणा रोडच्या कॉलेजात प्रोजेक्ट नेणाऱ्या एका पोराचा डिस्प्ले घरी चालायचा आणि कॉलेजात बंद पडायचा. डब्यात घालून, मांडीवर धरून न्यायचा बिचारा. दोष एकाच पिवळ्या वायरीत होता. नेआण करायची असेल तर ब्रेडबोर्ड सोडा आणि सरळ छिद्रांच्या पट्टीवर सोल्डर करा.

वायरी लांबही नकोत. वीतभर पुरे. आय-टू-सी ची रचना एका बोर्डावरच्या चिपांसाठी आहे. या खोलीतून त्या खोलीत नेण्यासाठी नाही.

चौथी पायरी: वायर योग्य पिनेत आहे का

आर्डुइनो उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. मेगावर २० आणि २१. लिओनार्डोवर २ आणि ३. मेगा घेऊन उनोच्या व्हिडिओप्रमाणे ए४-ए५ मध्ये वायरी लावणारे दर वर्षी भेटतात.

नोडएमसीयू म्हणजे ईएसपी८२६६ वर एसडीए डी२ आणि एससीएल डी१. इथली गंमत अशी की बोर्डावर छापलेला डी२ म्हणजे चिपचा जीपीआयओ ४ आणि डी१ म्हणजे जीपीआयओ ५. कोडमध्ये नुसते २ आणि १ लिहिले तर तुम्ही भलत्याच पिनांशी बोलत असता; जीपीआयओ १ तर सिरीयलची पाठवणारी पिन आहे. डी अक्षरासकट लिहा, नाहीतर ४ आणि ५ लिहा.

साध्या ईएसपी३२ बोर्डावर एसडीए २१ आणि एससीएल २२. पिना कोडमध्ये बदलता येतात, पण ३४ ते ३९ या फक्त ऐकणाऱ्या पिना आहेत, त्यांवर आय-टू-सी चालत नाही. ६ ते ११ आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांना हातच लावू नका.

एसडीए आणि एससीएल ची अदलाबदल झाली तर काही जळत नाही. संशय आला तर उलटून बघायला हरकत नाही. हीच मुभा व्हीसीसी-जीएनडी ला नाही.

ईएसपी३२ वाल्यांसाठी आणखी एक. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. सोळा-बाय-दोनच्या एलसीडीला पाच व्होल्ट दिले की मागचं काळं बोर्ड एसडीए आणि एससीएल सुद्धा पाच व्होल्टांपर्यंत ओढतं. लगेच काही होत नाही, म्हणून लोक "चालून राहिलं न!" म्हणत तसंच ठेवतात. मी ठेवत नाही. मध्ये लेव्हल शिफ्टरचं, म्हणजे पाच आणि ३.३ व्होल्टच्या सिग्नलांची सांगड घालणारं छोटं बोर्ड टाका. एलसीडीला ३.३ वर चालवाल तर अक्षरं इतकी फिकट येतात की नाहीच असं वाटतं.

जाता जाता मल्टिमीटरनं एसडीए आणि जीएनडी मधला, मग एससीएल आणि जीएनडी मधला व्होल्टेज बघा. काहीही चालू नसताना दोन्ही तारा वर असायला हव्यात, म्हणजे ३.३ किंवा ५ च्या जवळ. या तारांना खाली कोणीही खेचू शकतो, पण वर नेण्याचं काम रेझिस्टरचं असतं, आणि ते बहुतेक मॉड्यूलांवर आधीच बसवलेले असतात, ४.७ किंवा १० किलो-ओहमचे. तार शून्यावर पडलेली असेल तर एकतर शॉर्ट आहे, नाहीतर ते रेझिस्टरच नाहीत. नसतील तर प्रत्येक तारेतून व्हीसीसी कडे एकेक ४.७ किलो-ओहम लावा.

पाचवी पायरी: पत्ता विचारा

आता पहिल्यांदा लॅपटॉप उघडायचा, तोही आपला कोड न उघडता.

आर्डुइनो आयडीईत उनो निवडलेला असताना फाइल, एक्झाम्पल्स, वायर या वाटेनं गेलं की आय-टू-सी स्कॅनर नावाचं उदाहरण मिळतं. ईएसपी३२ साठी वायरच्याच यादीत वायरस्कॅन नावाचं आहे. ते जसंच्या तसं चढवा आणि सिरीयल मॉनिटर, म्हणजे बोर्डानं पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी, उघडा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर घाबरू नका. कोडमधला बॉड रेट (बोलण्याचा वेग), ९६०० किंवा ११५२००, खालच्या यादीत निवडा.

हा स्कॅनर प्रत्येक पत्त्यावर हाक मारतो आणि कोण ओ देतं ते लिहितो. तीन शक्यता.

पत्ता सापडला. झकास. तो कागदावर लिहा. ओलेडचा बहुतेक ०एक्स३सी येतो, कधी ०एक्स३डी. एलसीडीच्या मागच्या बोर्डाचा ०एक्स२७ येतो आणि चिप पीसीएफ८५७४ए असेल तर ०एक्स३एफ. त्या बोर्डावर ए०, ए१, ए२ अशा तीन जोड्या असतात. त्यांतली एखादी सोल्डरनं जोडली की पत्ता बदलतो. चुकून सोल्डरचा थेंब पडूनही बदलतो!

"काहीच सापडलं नाही." मग दोष कोडमध्ये नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणा आणि दुसऱ्या पायरीवर परत जा. लायब्ररी बदलून इथे काहीही होणार नाही.

तिसरी शक्यता, स्कॅनर "स्कॅनिंग" एवढं लिहून तिथेच थिजतो. बहुतेक वेळा एसडीए किंवा एससीएल खाली अडकलेली असते: शॉर्ट, किंवा बोलता बोलता मध्येच रीसेट झाल्यामुळे एखादी चिप तार धरून बसलेली. केबल पूर्ण काढा, दहा सेकंद थांबा, पुन्हा लावा. फक्त रीसेटचं बटण दाबून भागत नाही, कारण त्यानं डिस्प्लेची वीज जात नाही.

दोन गोष्टींवरून गोंधळ होतो. ओलेडच्या पाठीवर ०एक्स७८ आणि ०एक्स७ए असं छापलेलं असतं आणि स्कॅनर सांगतो ०एक्स३सी. दोघंही खरं बोलतात. पत्ता सात बिटांचा असतो आणि तारेवर जाताना त्याच्या शेपटीला "लिहायचंय की वाचायचंय" हे सांगणारा आठवा बिट लागतो. बोर्डवाल्यानं शेपटीसकट छापलं. ०एक्स७८ चं निम्मं करा, सोळाच्या अंकपद्धतीत ०एक्स३सी च येतं. आर्डुइनोच्या कोडमध्ये नेहमी शेपटीविना, म्हणजे ०एक्स३सी लिहायचा.

दुसरं, बसवर घड्याळाचं मॉड्यूल असेल तर डीएस३२३१ चा ०एक्स६८ दिसतो आणि बरेचदा सोबत ०एक्स५७ ही दिसतो. तो डिस्प्ले नाही, त्याच मॉड्यूलवरची मेमरी चिप आहे. गोंधळ झाला तर बाकी सगळं काढा आणि डिस्प्ले एकटाच ठेवून स्कॅन करा.

सहावी पायरी: एलसीडी काय दाखवतो ते वाचा

दिवा लागला, अक्षरं नाहीत, चौकोनही नाहीत: कॉन्ट्रास्ट. मागच्या काळ्या बोर्डावर निळा चौकोनी ठोकळा आहे, त्यावर पिवळसर स्क्रू. बारक्या पेचकसानं हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधे कुठे तरी चौकोन उगवतात. हा स्क्रू न फिरवता एलसीडी "खराब" म्हणून परत करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

वरच्या ओळीत सोळा भरलेले चौकोन, खालची ओळ कोरी: वीज आहे, कॉन्ट्रास्ट आहे, पण मायक्रोकंट्रोलरनं अजून ओळखच दिलेली नाही. एलसीडी तुमच्या हाकेची वाट बघतोय. पत्ता बघा. पत्ता बरोबर असेल तर लायब्ररी बघा: लिक्विडक्रिस्टल आय-टू-सी या एकाच नावाच्या अनेक लायब्रऱ्या फिरतात, कुणाला सुरुवातीला ‘इनिट’ लागतं, कुणाला ‘बिगिन’. मी नवख्यांना एचडी४४७८० नावाचीच लायब्ररी टाकायला सांगतो. ती पत्ता आणि आतली वायरिंग स्वतः शोधते, आणि तिच्यासोबत तपासणीचं एक उदाहरणही येतं.

अक्षरं आहेत पण दिवा नाही: मागच्या बोर्डाच्या कडेला दोन पिनांवर काळी टोपी असते, ती पडली असेल. नाहीतर कोडमध्ये बॅकलाइटची ओळ राहिली.

आता नागपूरचं खास. डिसेंबरात छान जुळवलेला कॉन्ट्रास्ट मेमध्ये बिघडतो. एलसीडीतला द्रव तापमानानुसार वागतो; गरमीत त्याच व्होल्टेजला तो जास्त गडद होतो आणि अक्षरांमागे चौकोनांची सावली दिसू लागते. गच्चीवरच्या डब्यात हवामानाचं यंत्र बसवलं असेल तर सावलीतलं ४५ अंश डब्याच्या आत कितीतरी वर जातं. डिस्प्ले मेलेला नसतो. स्क्रू थोडा फिरवा आणि डब्याला भोकं पाडा.

सातवी पायरी: ओलेड काय दाखवतो ते वाचा

ओलेडला मागचा दिवा नसतो, ठिपके स्वतःच उजळतात. त्यामुळे "चालू आहे पण रिकामा" आणि "मेलेला" हे दोन्ही सारखेच काळे दिसतात. म्हणून इथे स्कॅनरचं उत्तर सोन्यासारखं. पत्ता सापडत असूनही पडदा काळा असेल तर मात्र आता कोडकडे वळा.

आधी पत्ता. ॲडाफ्रूट कंपनीच्या एसएसडी१३०६ लायब्ररीत १२८ बाय ६४ साठी ०एक्स३डी सुचवलेला असतो. बाजारातले बहुतेक स्वस्त बोर्ड ०एक्स३सी वर असतात. आणि ‘बिगिन’ यशस्वी झालं म्हणून डिस्प्ले जोडलेला आहे असं समजू नका. ते फक्त मेमरी मिळाली का एवढंच बघतं. वायरी उपटून टाकल्या तरी ते "हो" म्हणेल.

मेमरी नाहीच मिळाली तर? १२८ गुणिले ६४ म्हणजे ८१९२ ठिपके, आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे १०२४ बाइट. उनोची एकूण रॅम २०४८ बाइट. कंपाइल झाल्यावर आयडीई "६० टक्के वापरली" म्हणतो, पण त्यात हे १०२४ धरलेले नसतात. ते प्रोग्राम चालू झाल्यावर मागितले जातात. मग नकार येतो आणि पडदा काळा राहतो. सिरीयलवर छापायची वाक्यं एफ मॅक्रोच्या कंसात टाका, म्हणजे ती रॅमऐवजी फ्लॅशमध्ये राहतात. तरीही नाही पुरलं तर यू८जी२ लायब्ररी पानापानानं चित्र काढू शकते. हळू असते, पण रॅम कमी खाते.

मग दोन ओळी शोधा. मजकुराचा रंग ठरवणारी ‘सेटटेक्स्टकलर’ची ओळ आहे का? ती विसरली तर ॲडाफ्रूटच्या लायब्ररीत अक्षरं काढली जातात, पण दिसत नाहीत. आणि शेवटी ‘डिस्प्ले.डिस्प्ले()’ आहे का? तोपर्यंतचं सगळं फक्त रॅममध्ये रंगवलेलं असतं. ही ओळ ते पडद्यावर नेते. नाव विचित्र आहे खरं, म्हणूनच लोक एक ‘डिस्प्ले’ जास्तीचा समजून खोडतात.

अक्षरं चपटी, किंवा एक ओळ सोडून एक दिसत असतील तर उंची चुकली: ३२ च्या जागी ६४ किंवा उलट. चित्र दोन ठिपके सरकलेलं, एका कडेला रवाळ पट्टा किंवा पूर्ण चुरगाळलेलं असेल तर तो बहुधा १.३ इंची एसएच११०६ आहे. त्याची मेमरी १३२ ठिपके रुंद असते आणि पडदा १२८ चा. त्याच्या नावाची लायब्ररी वापरा. दुकानदार दोन्हींना "ओलेड" च म्हणतो, म्हणून विकत घेतानाच चिप विचारून घ्या.

मराठी अक्षरं हवी असतील तर सरळ लिहिलेलं ‘नागपूर’ दिसणार नाही. या लायब्रऱ्या मात्रा-वेलांट्या जागेवर बसवत नाहीत. शब्दाचं काळं-पांढरं चित्र करून तेच दाखवा. चार-पाच शब्दांसाठी तेच सोपं.

आठवी पायरी: रंगीत टीएफटी

इथे स्कॅनर कामाचा नाही, कारण एसपीआय मध्ये डिस्प्ले ओ देतच नाही. आणि फसवणूक अशी की यांतल्या काही बोर्डांवर पिनांची नावं एसडीए आणि एससीएल च छापलेली असतात. ती आय-टू-सी ची नाहीत. इथे एसडीए म्हणजे मोसी (डेटा पाठवणारी तार) आणि एससीएल म्हणजे क्लॉक: उनोवर ११ आणि १३, ईएसपी३२ वर सहसा २३ आणि १८. ए४-ए५ मध्ये लावाल तर वर्षभर पांढरा पडदा बघत बसाल. डीसी (येतंय ते डेटा की आज्ञा हे सांगणारी) पिनेवर कधी ए० लिहिलेलं असतं, कधी आरएस. सीएस (निवडीची तार), डीसी आणि रीसेट या तिघी ज्या पिनांत लावल्या तेच आकडे कोडमध्ये हवेत.

पांढरा उजेड, चित्र नाही: वीज आहे, पण सुरुवातीची आज्ञा पोहोचली नाही. निम्म्या वेळा रीसेट किंवा डीसी चुकलेली असते. लाल-निळा उलटे किंवा कडेला रंगीत रवा: एसटी७७३५ च्या अनेक आवृत्त्या आहेत. लायब्ररीत त्या काचेवरच्या फिल्मच्या टोकाच्या रंगावरून ओळखल्या जातात, हिरवं, लाल, काळं. फिल्म आधीच फेकली असेल तर तिन्ही आळीपाळीनं लावून बघा. उनो पाच व्होल्टचा आहे आणि हे पडदे ३.३ चे, हेही विसरू नका.

कूलर लागला की अक्षरं बिघडतात

सगळं नीट चालतं, आणि अचानक एलसीडीवर भलतीच चिन्हं येतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरी झालं. कूलरचा पाण्याचा पंप ठरावीक वेळानं चालू-बंद करणारं यंत्र मी केलं होतं. रिले (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) टक्क वाजला की एलसीडीवर चिनी-जपानी उतरायचं, आणि आर्डुइनो मात्र व्यवस्थित चालू. दोन रात्री कोड चाळला. हो, मीसुद्धा! कारण साधं होतं: पंपाची मोटर बंद होताना उठणारा झटका शेजारून जाणाऱ्या एलसीडीच्या वायरींत शिरायचा. एक बिट चुकला की चार-चार बिटांनी बोलणारा एलसीडी पुढचं सगळंच चुकीचं जोडून वाचतो.

मी तीन गोष्टी केल्या. रिलेला वेगळा अडॅप्टर दिला, एलसीडीच्या वायरी अर्ध्या करून पंपाच्या वायरींपासून दूर नेल्या आणि पंपाला समांतर स्नबर (झटका शोषून घेणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा जोड) लावला. शिवाय कोडमध्ये दर दहा मिनिटांनी एलसीडीची सुरुवात नव्यानं करतो, म्हणजे बिघडलाच तरी स्वतः सावरतो. पण हे २३० व्होल्टचं काम आहे, आणि कूलर म्हणजे वरून पाणी. नवीन असाल तर तेवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि आधी रिलेवर काहीही न जोडता प्रयोग करा.

तरीही अडलं तर

कुणाला विचारायचं असेल तर "चालून नाही राहिला" एवढंच पाठवू नका. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, सोल्डर दिसेल असा एक जवळून, कोणती वायर कुठून कुठे हे हातानं लिहिलेलं, डिस्प्लेच्या पिनेवर मोजलेला व्होल्टेज, आणि स्कॅनरनं काय लिहिलं ते जसंच्या तसं. कोड सगळ्यात शेवटी जोडा. निम्म्या वेळा हे गोळा करतानाच दोष सापडतो.

भाचीनं त्या रविवारी चार पिनांना सोल्डर केलं. पहिली पिन साबुदाणा, चौथी बरी. मग डिस्प्लेच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून तिनं बॉलपेननं लिहिलं: ‘एसएसडी१३०६, ०एक्स३सी, पहिली पिन जीएनडी’. पोहे तोवर गार झाले होते.